कोऱ्या कागदाच्या तळाशी तुझी सही

विनायक,

तीन दिवसांपूर्वी आपल्या मंडळाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. सात जण बोलले आणि सातही जण तुझ्याविषयी चुकीचे बोलले. अध्यक्षांनी तुला ‘एकेरीचा वाघ’ म्हटले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतर तू एकेरीचा एकही सामना खेळला नाहीस, हे त्या सभागृहात फक्त मला आणि टेबलावरच्या तुझ्या फोटोला माहीत होते. बँकेतून बदली होऊन गेल्याच वर्षी जबलपूरला आलेल्या एका गृहस्थांनी तुझ्या टेनिसप्रेमाचा गौरव केला. एक बाई तुझ्या मधुर गळ्याविषयी बोलल्या. त्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या शोकसभेची तयारी करून आल्या होत्या. तू हयात असताना यांच्यापैकी एकही जण रांझीच्या तुझ्या बॅडमिंटन हॉलची पायरी चढला नव्हता. मी हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत बसलो होतो. मला दोन शब्द बोलण्यास कोणी सांगितले नाही. या शहराची गाऱ्हाणी तीस वर्षे ज्याने नीट वाक्यांत बसवून दिली, त्याला वगळून ही सभा पार पडली, एवढे नमूद करून पुढे जातो.

जे बोलायचे ते लेखीच बोलतो. तोच माझा व्यवसाय आहे. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे, टेबलावर टंकयंत्र आहे, आणि येणारेजाणारे मला मुन्शीजी म्हणतात. दहावीला गणिताने माझा रस्ता अडवला. भाषेने तो कधीही अडवला नाही. वकील मंडळी आपल्या पक्षकाराचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतात आणि वर स्वतःचा शिक्का मारतात, हे तुला ठाऊक होते. तू मात्र मला शेवटपर्यंत गजूच म्हणालास.

तुझी सगळी कारकीर्द मी पाहिली आहे आणि ती अर्धी होती, असे माझे मत आहे. जोडीचा खेळाडू म्हणजे अर्धा खेळाडू. हे वाक्य मी तुझ्या तोंडावर इतक्या वेळा म्हटले आहे की मेल्यावर पाठीमागे बोललो, असा आरोप माझ्यावर येऊ शकत नाही. एकेरीत माणूस हरतो तर स्वतः हरतो, जिंकतो तर स्वतः जिंकतो. त्याच्या नावापुढे दुसऱ्या कोणाचे नाव लागत नाही. तुझे नाव आयुष्यभर एका आडव्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे छापले गेले. तुला त्याचे काही वाटत नव्हते, आणि काही न वाटणे याला मी मोठेपणा मानत नाही. तो आळस आहे.

आपण दोघे सोळा-सतरा वर्षांचे होतो, तेव्हा तुझा जोडीदार मी होतो. ही गोष्टही शोकसभेत कोणाला ठाऊक नव्हती. तुझे वडील रांझीच्या कारखान्यात होते म्हणून कारखान्याच्या क्लबचा हॉल तुला मोकळा होता. मी चेरीतालहून सायकल हाणत यायचो. सिमेंटची जमीन, पांढऱ्या रंगाच्या पुसट रेघा आणि छताच्या कैच्यांवर बसलेली कबुतरे. शटलची पिसे कोरडी पडून मोडू नयेत म्हणून तू चहावाल्याच्या किटलीच्या वाफेवर ती धरायचास, आणि चहावाला म्हणायचा, “भैया, चाय पिओगे कि चिड़िया पकाओगे?” आपण जिल्ह्यात दुसरे आलो होतो. पहिले येणार होतो, असे माझे आजही ठाम म्हणणे आहे.

आणि एका संध्याकाळी, बुटाची नाडी सोडता सोडता, माझ्याकडे न पाहता तू म्हणालास, “गजू, आपलं नाही जमून राहिलं रे.”

“काहून?”

“तू समोर उभा असला की मागं पाहतोस.”

“मग न पाहता मला काय समजणार, तू काय मारून राहिला ते?”

“आवाजावरून समजते. आणि नाही समजलं तरी चालते. पण मागं नाही पाहायचं.”

बस, एवढेच. नंतर अनेक वर्षे मी या कारणाचा विचार केला आणि ते दर वेळी मला क्षुल्लक वाटले. जोडीत एक जण जाळीजवळ उभा राहतो आणि दुसरा मागून जोरात मारतो. पुढच्याने वाकून राहावे, शटल डोक्यावरून जाऊ द्यावे, परतून आलेले टिपावे. मागे वळून पाहू नये, पाहिले तर क्षण जातो आणि कधी कधी डोळाही जातो. हे सगळे शास्त्र मला कळत होते. पण मागे काय चालले आहे हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. कचेरीत बसणाऱ्या माणसाचा तो गुण आहे. तू त्याला दोष ठरवलेस.

माझ्या जागी तू खेमचंदला आणलेस. सिहोऱ्याहून बसने येणारा, डावखुरा, हात लांब आणि डोके लहान. त्याने मारलेले शटल एक तर समोरच्याच्या छातीवर बसायचे किंवा थेट कबुतरांत जायचे. त्या माणसासमोर तू वीस वर्षे वाकून उभा राहिलास. खेळाच्या कोट्यातून दोघांना एकाच खात्यात नोकरी लागली, खात्याच्या संघातून देशभर हिंडलात, परदेशातल्या एका क्लबकडून दोन हंगाम खेळून आलात. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो खेमचंदचा: हवेत उडालेला, डावा हात वर, तोंड उघडे. फोटोच्या खालच्या कडेला एक वाकलेली पाठ असायची. ती तू. एका वर्तमानपत्राने जागा कमी पडली म्हणून तीही कापली होती. ते कात्रण मी मुद्दाम तुला आणून दाखवले, तर तू म्हणालास, “वा, काय उडला आहे लेकाचा!”

तुझ्या या स्वभावाचा मला तिटकारा होता आणि आहे. नागपूरचा तो अंतिम सामना मी स्वतः जाऊन पाहिला होता. शेवटच्या गुणाला शटल तुम्हां दोघांच्या मधोमध आले. खेमचंद मागून ओरडला, “मेरा!” हे मी माझ्या कानांनी ऐकले. तू बाजूला झालास. त्याने हात उचललाच नाही. शटल जमिनीवर पडले आणि तुमचा सामना गेला. पुढच्या शिबिरासाठी दोघांतला एकच घ्यायचा होता. अधिकाऱ्याने तुला विचारले की शटल कोणाचे होते. तू म्हणालास, “साहेब, पॉइंट दोघांचा गेला.” अधिकाऱ्याने खेमचंदला घेतले, कारण फोटो त्याचा होता.

परतीच्या गाडीत मी तुला झोडून काढले. “सांगता येत नव्हतं? तो ‘मेरा’ म्हणून ओरडला, अर्ध्या हॉलनं ऐकलं!”

“ऐकलं ना? मग मी काहून सांगू?”

“तुझं नुकसान झालं, विन्या.”

“जोडीतली चूक बाहेर नाही सांगायची, गजू. रॅकेटला रॅकेट लावायची आणि पुढची सर्व्हिस करायची.” आणि तू शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केलीस. वाद तिथे थांबला नाही. तू बोलायचा थांबलास, एवढेच. तुझ्याशी वाद घालणे म्हणजे भिंतीशी खेळणे होते. शटल प्रत्येक वेळी परत यायचे आणि भिंत कधी दमायची नाही.

आता मी त्या गोष्टीवर येतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अडीच-तीन वर्षांपूर्वी तू माझ्या टेबलापाशी आलास. तोवर तू निवृत्त होऊन त्याच हॉलमध्ये कामगारांच्या मुलांना शिकवीत होतास. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कात्रणे.

“गजू, एक अर्ज लिहून दे. जुन्या खेळाडूंसाठी राज्याचा सन्मान निघाला आहे.”

“अक्कल आली म्हणायची शेवटी. बस.”

“माझ्यासाठी नाही बे. खेमचंदसाठी. मी शिफारस करणार.”

“आणि तू?”

“बॅडमिंटनमधून एकच नाव घेणार म्हणतात. त्याचं घेऊ दे. गुडघ्यानं घरी बसला आहे तो सिहोऱ्यात. कोणी विचारून नाही राहिलं त्याला.”

“तुला कोण विचारून राहिलं?”

“तू विचारून राहिला ना. चलो, बहुत झालं.” आणि हसलास.

माझ्या व्यवसायात एक पद्धत आहे. अर्जदार लांबून येतो. मजकूर टंकायला वेळ लागतो. त्याला पुन्हा खेप पडू नये म्हणून कोऱ्या कागदाच्या तळाशी त्याची सही घेऊन ठेवायची आणि वरचा मजकूर मागाहून टंकायचा. एखादा कागद बिघडला तर हाताशी असावा म्हणून दोन कागदांवर सह्या घ्यायच्या. पद्धत नियमात बसत नाही, परंतु कचेरीतले सगळे अर्जनवीस ती पाळतात, आणि प्रामाणिक हातात ती निर्धोक आहे असे मी मानत आलो होतो. तू दोन्ही कागदांवर सही केलीस, पिशवी ठेवलीस आणि मुलांची वेळ झाली म्हणून निघून गेलास. त्या कागदांवर वाचण्यासारखे काही नव्हतेच. पण माझ्याकडेही तू एकदा नजर टाकली नाहीस.

मी पिशवीतली कात्रणे काढली. खेमचंद, खेमचंद, खेमचंद. एकात तुझी पाठ. मग मी टंकयंत्रात तुझ्या सहीचा कागद चढवला आणि वर तुझाच अर्ज लिहिला.

तो अर्ज माझ्या हातून झालेला सर्वोत्तम अर्ज आहे, हे मी आजही नाकारत नाही. त्यात तुझे वडील होते, रांझीचा हॉल होता, परदेशातले दोन हंगाम होते, कामगारांची मुले होती. खेमचंदचे नाव त्यात एकदाही नव्हते. जिथे टाळणे शक्य नव्हते तिथे ‘एका सहकाऱ्यासमवेत’ असे शब्द मी घातले आणि ते घालताना मला समाधान झाले. सन्मान एकेकट्याला मिळतो, तर तो खऱ्या माणसाला मिळावा, एवढाच माझा हेतू होता, असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले. हेतू आणखीही एक होता, तो अर्जात लिहिण्यासारखा नव्हता. बुटाची नाडी सोडता सोडता तू मला ज्याच्यासाठी बाजूला केलेस, त्याला मी एका शब्दाने बाजूला करीत होतो. अर्ज मी स्वतः खिडकीवर नेऊन दिला आणि पोच घेतली.

सहा-सात महिन्यांनी यादी आली. बॅडमिंटनमधून तुझे नाव. ज्या कार्यालयात अर्ज गेला होता तिथल्या कोणीतरी खेमचंदला त्याची प्रत वाचून दाखवली. वीस वर्षे ज्याच्या पाठीवरून शटल मारले, त्याने आपल्याला ‘एक सहकारी’ म्हणून उरकले, हे त्याने तुझ्या सहीसकट ऐकले.

दुसऱ्या दिवशी तू माझ्यापुढे उभा होतास. प्रत तुझ्याही हातात होती.

“हे काय आहे, गजू?”

“न्याय आहे.”

तू ती उभ्याउभ्या पूर्ण वाचलीस. माझ्या अर्जाचे इतके सावकाश वाचन कोणत्याही अधिकाऱ्याने केलेले नाही. मग तू कागदाची घडी घातलीस. “सही तर माझीच आहे.”

“मग सांग ना त्याला! सांग, मुन्शीनं केलं. मी काय घाबरतो?” मी घाबरलो होतो. कोऱ्या सहीवर भलता मजकूर चढवल्याचे सिद्ध झाले असते तर माझा परवाना गेला असता, टेबल गेले असते, कडुनिंबाखालची जागा गेली असती. हे तुला पूर्णपणे ठाऊक होते.

“काहून सांगू?” तू म्हणालास. “पॉइंट गेला. दोघांचा गेला.”

“दोघांचा म्हणजे कोणाकोणाचा?”

तू हातातली कागदाची घडी माझ्या टंकयंत्राच्या कडेला हलकेच टेकवलीस आणि गेलास. त्या क्षणी मला ते विचित्र वाटले. माणूस रागावला तर कागद आपटतो, फाडतो, तोंडावर फेकतो. टेकवून कोण जातो? तू गेल्यावर मला उमगले, गुण गेल्यानंतर तू खेमचंदच्या रॅकेटला रॅकेट तशीच टेकवायचास. तू मला परत जोडीत घेतले होतेस, आणि तेही माझ्या सगळ्यात वाईट चुकीच्या वेळी. विनायक, यापेक्षा मोठा अपमान माझा कोणी केलेला नाही.

त्यानंतर तू जे केलेस ते शुद्ध मूर्खपणाचे होते. सन्मान घ्यायला तू गेला नाहीस. नाकारलाही नाहीस, कारण नाकारायचे तर कारण लिहून द्यावे लागले असते. खेमचंदला तू फोन करीत राहिलास. त्याने उचलला नाही. दोनदा बसने सिहोऱ्याला गेलास. दोन्ही वेळा आतून निरोप आला की घरी नाहीत. तो भेटला असता तरी काय सांगणार होतास? खरे सांगायचे नव्हते, खोटे तुला येत नव्हते. दोन वर्षे तू माझ्या टेबलावर येऊन चहा पीत राहिलास आणि मुलांचे, पावसाचे, रस्त्याच्या खड्ड्यांचे बोलत राहिलास. एकदाही या गोष्टीवर आला नाहीस. मी वाट पाहत होतो. तू शिवी दिली असतीस तर मी उलटी शिवी देऊन मोकळा झालो असतो. तुझी ती शांतता मला कुचेष्टेसारखी वाटायची, आणि मग एका सकाळी हॉलमध्ये शटल उचलायला वाकलास तो उठलाच नाहीस. वाद अर्धा टाकून गेलास. मागे वळून पाहणे तुझ्या नियमात नव्हतेच.

परवा, दहाव्या दिवशी, मी तुझ्या घरी गेलो. वहिनींनी कपाटावरून टपालाने आलेले एक खोके काढले. तो तुझा सन्मान. दोन वर्षे त्याची दोरीही सुटलेली नव्हती.

“भाऊजी, याचं काय करू?”

“ठेवा. नाव आहे त्यावर.”

“त्या नावाचंच तर विचारून राहिली,” वहिनी म्हणाल्या. “मी विचारून विचारून थकली, पण हे एक अक्षर नाही बोलले. खेमचंदभैयाशी ह्यांनी असं काहून केलं हो? आमच्या लग्नात ह्यांच्या बाजूला भाऊ म्हणून तो उभा होता. आता तेरावं आलं. त्याला बोलवू तर कोणत्या तोंडानं बोलवू? आणि नाही बोलवलं तर हे मला माफ करणार नाहीत.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “तुम्ही तर लहानपणापासून ओळखता. होते काय हो हे असे? आतून?”

मी चहा प्यायलो आणि म्हणालो, “माणसाचं काय सांगता येते.” हे वाक्य मी उच्चारले, विनायक. चार शब्दांनी तुझी अब्रू झाकता आली असती, तिथे मी हे चार शब्द बोलून आलो. घरी येईपर्यंत मला माझाच असा तिरस्कार आला की तुझ्यावरचा त्यापुढे फिका पडला.

तुझ्या सहीचा दुसरा कोरा कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात होता.

तो मी काढला. खाली तुझे नाव, ठळक आणि थोडे डावीकडे झुकलेले. वर पूर्ण पान मोकळे. त्यावर मी काहीही लिहू शकत होतो. तुझ्याकडून खेमचंदला असे पत्र लिहिले असते की दगडालाही पाझर फुटला असता: ‘प्रिय मित्रा, तो मजकूर माझा नव्हता, कोणाचा होता ते विचारू नकोस.’ तुझी अब्रू वाचली असती, माझा परवाना वाचला असता, खेमचंद तेराव्याला आला असता. पहिली दोन वाक्ये मनात तयारही झाली आणि ती फार सुरेख होती. कागद यंत्रात चढवला, आणि तो पुन्हा उतरवला. तुझ्या सहीच्या डोक्यावर बसून एकदा बोललो होतो. तू जिवंत असताना ते निदान ऐकून घेतलेस. आता तर तू अंगावर आलेले शटलही परत करू शकत नव्हतास.

मग मी एक नवा कागद घेतला आणि तीस वर्षांत प्रथमच स्वतःच्या नावाने लिहिले. मजकूर अर्ध्या पानाचा झाला. त्यात एकही विशेषण नाही. खाली सही केली, मजकूर संपल्यावर, जशी करायची असते तशी.

काल सिहोऱ्याची बस पकडली. खेमचंद घराबाहेर खुर्ची टाकून बसला होता, एक पाय स्टुलावर. मला पाहून म्हणाला, “अरे मुंशीजी! आप इधर? किसका केस है?”

“मेरा ही है.” मी कागद दिला.

त्याने तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. कागद मांडीवर पालथा ठेवला.

“दो साल, मुंशीजी. दो साल फ़ोन बजता रहा और मैं बैठे-बैठे उसका नाम देखता रहा.”

मी उभा होतो. त्याने बसायला सांगितले नव्हते.

“वो आया था दो बार. मैं अंदर ही था. परदे के पीछे से उसको जाते देखा मैंने.” त्याने गुडघ्यावर मूठ आपटली. “एक बार बोल देता, कि मुंशी ने किया है! बोला काहे नहीं?”

मी त्याला तुझा नियम सांगितला. जोडीतली चूक बाहेर सांगायची नाही.

खेमचंद माझ्याकडे पाहतच राहिला. मग हसला, आणि ते हसणे पाहायला मी तिथे नसतो तर बरे झाले असते. “उसका नियम? अरे, वो नियम तो मेरा था! पहले ही साल मैंने लगवाया था उससे. ग़लतियाँ सब मैं ही करता था ना.” आणि त्याने डाव्या हाताने तोंड झाकून घेतले. तोच हात, जो फोटोत कायम वर असायचा.

थोड्या वेळाने मी तुझ्या सहीचा तो कोरा कागद त्याच्यापुढे धरला. म्हणालो की ही तुझी उरलेली सही आहे, वर काही लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. त्याने सहीवरून अंगठा फिरवला आणि कागद मला परत केला. “रखिए सँभाल के.” मी तो पिशवीत ठेवणार, तोच त्याने हात पुढे केला. “नहीं, इधर लाइए. आपका कोई भरोसा नहीं.”

मी दिला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

निघताना तो म्हणाला, “तेरहवीं में आऊँगा. पर आपके बाजू में नहीं बैठूँगा.”

परतताना बस बदलून मी तशीच रांझी गाठली आणि वहिनींना सगळे सांगितले. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, “म्हणजे हे तसे नव्हते.” आणि खेमचंदला फोन करायला आत गेल्या. चहाचे विचारले नाही. मी पायरीवर थोडा वेळ थांबलो आणि मग आलो.

उद्या तुझे तेरावे. ज्या मंडळाने तुला एकेरीचा वाघ केले, त्याच मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा लेख मी देत आहे. छापून आल्यावर माझा परवाना राहील की नाही, हे ज्यांनी ठरवायचे ते ठरवतील. त्यांच्याकडे जाणारी तक्रार कोणाला लिहून हवी असेल तर ती मी उत्तम लिहून देईन. तुझा नियम मी मोडला आहे. जोडीतली चूक बाहेर सांगितली आहे आणि कोणाची होती तेही सांगितले आहे. तू असतास तर बाजूला होऊन पुढच्या सर्व्हिसला उभा राहिला असतास. मला तसे जमत नाही. मी मागे पाहणारा माणूस आहे, आणि कोणीतरी मागे पाहिल्याशिवाय तुझी ती वाकलेली पाठ कोणाला दिसणार नव्हती.

तू अर्धा खेळाडू होतास, हे मत मी मागे घेत नाही. तू मूर्खही होतास. दोन वर्षे दुसऱ्याची चूक स्वतःच्या सहीखाली सांभाळणाऱ्याला मी दुसरा शब्द लावू शकत नाही. वरील मजकूर मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहिला आहे. तो लिहून झाल्यावर पुन्हा वाचला आहे, आणि नंतरच खाली सही केली आहे.

गजानन
अर्जनवीस, चेरीताल